आज्ञा पाळावी, पण कोणाची?

इस्लाम धर्माविषयी बोलणे निघाले की ‘आज्ञापालन’ हा शब्द हटकून येतो, आणि तो ऐकताच पुष्कळांच्या मनापुढे एक ठरीव चित्र उभे राहते. वरून हुकूम सुटावा आणि खालच्यांनी निमूटपणे माना तुकवाव्यात, एवढाच त्याचा अर्थ, अशी आपली समजूत असते. या समजुतीला थोडासा आधार आहे, नाही असे नाही. ‘इस्लाम’ या अरबी शब्दाचा अर्थच मुळी ‘स्वतःला ईश्वराच्या स्वाधीन करणे’ असा आहे आणि असे स्वाधीन झालेला तो ‘मुस्लिम’. पण स्वाधीन व्हायचे ते ईश्वराच्या, हे लक्षात ठेवले म्हणजे पुढचे सारे गणित बदलते. कसे, ते आपण पाहू.

सन ६३० च्या आरंभीची गोष्ट. रमजानचा महिना चालू होता आणि महंमद पैगंबर सुमारे दहा हजार अनुयायांसह मदीनेहून मक्केकडे निघाले होते. वाट वाळवंटाची, आणि रोजे धरलेले. लोकांना उपवास फार जड जातो आहे, पण सगळ्यांचे डोळे तुमच्याकडे लागले आहेत, असे कोणीतरी पैगंबरांना सांगितले. तेव्हा त्यांनी तिसऱ्या प्रहरी पाण्याचा प्याला मागवला, सर्वांना दिसेल असा उंच धरला आणि ते पाणी प्याले. तरीही काही जणांनी आपला रोजा सोडला नाही. हे कळल्यावर पैगंबर त्यांना काय म्हणाले असतील? ‘शाबास’? नव्हे! त्यांनी त्या उपवास करणाऱ्यांना अवज्ञा करणारे म्हटले.

ही हकीकत हदीसच्या संग्रहांत, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती आणि कृती यांच्या नोंदींत, आलेली आहे. तिचे मर्म ध्यानात घेण्यासारखे आहे. कुराणाने रोजे फर्ज, म्हणजे अवश्यकर्तव्य, ठरवले. पण त्याच ठिकाणी, दुसऱ्या सूऱ्यात, आजारी माणसाला आणि प्रवाशाला सवलत दिली. चुकलेले दिवस त्यांनी मागाहून भरून काढावेत. ईश्वराला तुमची सोय हवी आहे, अडचण नको आहे, असेही तिथे स्पष्ट सांगितले आहे. तेव्हा सवलत हाही आज्ञेचाच भाग झाला. ती झिडकारून जीव धोक्यात घालणारा मनुष्य ईश्वराचे ऐकत नसतो. तो ऐकत असतो स्वतःच्या हट्टाचे. घरातील एखादी वडीलधारी व्यक्ती, डॉक्टरांनी बजावूनही, ‘मी रोजा मोडणार नाही’ म्हणून अडून बसली, तर तिच्या श्रद्धेचा मान ठेवूनही तिला ही गोष्ट अवश्य सांगावी.

आता आज्ञापालनाच्या विरुद्ध काय असते, ते पाहा. आपण चटकन म्हणू, बंडखोरी. कुराणाचे उत्तर जरा निराळे आहे. आदमला वंदन करण्याची आज्ञा झाली तेव्हा इब्लिसाने, म्हणजे सैतानाने, ती नाकारली. कारण काय दिले? मी अग्नीपासून घडलो आणि हा मातीपासून, मी श्रेष्ठ! इब्लिसाला शंका आली नव्हती, त्याने काही विचारलेही नव्हते. त्याला भोवला तो अहंकार. म्हणून आज्ञापालन म्हणजे मुख्यतः हा ‘मी’ खाली ठेवणे. बुद्धी खाली ठेवणे नव्हे.

याची साक्ष बकरी ईदच्या मागे असलेल्या कथेतच मिळते. पुत्राचे बलिदान करीत आहोत असे इब्राहीमला स्वप्नात दिसले. आज्ञापालनाचे याहून कठोर उदाहरण कोणते असणार? पण कुराणातील इब्राहीम मुलाला बांधून नेत नाही. तो त्याला स्वप्न सांगतो आणि विचारतो, बाळ, तुला काय वाटते? मुलगा आपणहून होकार देतो. आणि शेवटी मुलाचे रक्त सांडत नाही. त्याच्या जागी दुसरे बलिदान होते. लादलेली आज्ञा आणि मनाने स्वीकारलेली आज्ञा यांत जे अंतर आहे, ते या एका प्रश्नात आले आहे. धर्मात जबरदस्ती नाही, हे कुराणाचे वचन प्रसिद्धच आहे. आणि कर्माची किंमत ‘नियत’ म्हणजे हेतू पाहून ठरते, असे हदीस सांगते.

कोणी विचारील, ईश्वराचे ठीक; पण माणसांचे काय? आईबाप, सरदार, राज्यकर्ते यांच्या आज्ञेचे काय? कुराणाच्या चौथ्या सूऱ्यात सांगितले आहे की ईश्वराची आज्ञा पाळा, प्रेषिताची आज्ञा पाळा आणि तुमच्यातील अधिकारी लोकांचीही. हे अधिकारी कोण, याविषयी मतभेद आहेत. शिया परंपरा पैगंबरांच्या घराण्यातील इमामांना तो मान देते. सुन्नी परंपरेत राज्यकर्ते किंवा विद्वान असा अर्थ घेतात. सुन्नी भाष्यकारांनी आणखी एक बारकावा टिपला आहे. ‘आज्ञा पाळा’ हे क्रियापद ईश्वर आणि प्रेषित यांच्यापुढे दोनदा स्वतंत्रपणे येते. अधिकाऱ्यांपुढे ते पुन्हा येत नाही. म्हणजे त्यांचा अधिकार स्वयंभू नव्हे, उसना आहे.

आईबापांच्या बाबतीतही तोच न्याय. त्यांच्याशी कृतज्ञतेने वागा, असे कुराण पुनःपुन्हा बजावते. परंतु त्यांनी ईश्वराशी दुसऱ्याला भागीदार करण्याचा आग्रह धरला, तर तेवढे ऐकू नका. आणि तरीही या जगात त्यांना प्रेमाने सांभाळा. नकार द्यावा, पण नाते तोडू नये!

सरदारांविषयीची कथा तर फारच बोलकी आहे. पैगंबरांनी एक तुकडी पाठवली आणि तिच्या नायकाचे ऐका, असे सांगितले. वाटेत नायक कशावरून तरी रागावला. त्याने लाकडे गोळा करवली, आग पेटवली आणि माणसांना आगीत शिरण्याचा हुकूम केला. काही जण निघालेसुद्धा. पण बाकीचे म्हणाले, आगीपासून सुटावे म्हणून तर आपण पैगंबरांकडे आलो! या वादात आग विझली आणि रागही निवला. परतल्यावर पैगंबरांनी निवाडा दिला, की हे लोक आत शिरले असते तर पुन्हा बाहेर पडले नसते. आज्ञापालन असते ते फक्त सत्कृत्यात. पुढे ६३२ मध्ये खलिफा झालेल्या अबू बक्र यांनीही पहिल्याच भाषणात सांगितले, की मी ईश्वराचे आणि प्रेषिताचे ऐकेन तोवरच तुम्ही माझे ऐका.

इतिहासात हे तत्त्व नेहमीच पाळले गेले, असे मात्र समजू नये. आज्ञेचे नाव पुढे करून जुलूम करणारे सुलतान पुष्कळ होऊन गेले, आणि अराजकाच्या भीतीने ‘जुलमी राजाही सोसावा’ असे म्हणणारे धर्मशास्त्रीही झाले. पण ८३३ मध्ये खलिफा मामून याने कुराणाविषयीचे एक मत, ते ‘निर्मित’ आहे हे मत, विद्वानांवर सक्तीने लादायला सुरुवात केली, तेव्हा बगदादच्या अहमद इब्न हंबल यांनी ते मानले नाही. त्यांना कैद झाली. पुढच्या खलिफाच्या काळात फटकेही बसले. ते वाकले नाहीत आणि त्यांनी बंडही पुकारले नाही. सुन्नींच्या चार धर्मशास्त्र-पंथांपैकी एक आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

म्हणून, वाचकहो, ‘ऐकावे की नाही’ एवढ्यावर इस्लामची शिकवण थांबत नाही. कोणाचे ऐकायचे, कुठवर ऐकायचे आणि कोणत्या हेतूने ऐकायचे, हेही ती विचारायला लावते. ‘इमान’ हा शब्द आपण मराठीत प्रामाणिकपणा या अर्थी रोज वापरतो; अरबीत त्याचा अर्थ आहे श्रद्धा. मान एकाच ठिकाणी झुकवायची असे ज्याने मनापासून ठरवले, त्याला ती इतर ठिकाणी ताठ ठेवण्याचे बळही तिथूनच मिळते.