जहाज बुडते कशामुळे? गैरसमज आणि वस्तुस्थिती

कळवणपासून समुद्र लांब आहे. पण इथला कांदा न्हावाशेव्याहून परदेशी जातो, आणि माल एकदा जहाजावर चढला की त्या जहाजाचे बरेवाईट ते आपलेही. म्हणून काही समज तपासून घेऊ.

गैरसमज: जहाजे भर समुद्रातच बुडतात.
वस्तुस्थिती: खडक, उथळ पाणी आणि जहाजांची वर्दळ किनाऱ्याजवळच असते, म्हणून घातही तिथे बरेच होतात. 7 ऑगस्ट 2010 रोजी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ एकमेकांवर आदळली ती मुंबई बंदराच्या तोंडाशी. ‘चित्रा’ कलली आणि शेकडो कंटेनर पाण्यात पडले.

गैरसमज: जहाज बुडवते ते वादळ.
वस्तुस्थिती: लाट निमित्त होते, घात करतो तो गेलेला तोल. 17 जुलै 1947 रोजी ‘रामदास’ बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. आत माणसे खच्चून भरलेली. काशाच्या खडकाजवळ मोठी लाट आदळली, पाणी आत आले, घाबरलेले प्रवासी एका अंगाला धावले. सारा भार तिकडे गेला आणि बोट त्याच कुशीवर उलटली. सहाशेहून अधिक जीव गेले.

गैरसमज: खलाशांनी सोडलेले जहाज बुडतेच.
वस्तुस्थिती: 2011 च्या जूनअखेर ओमानजवळ खलाशांना ‘पवित’ सोडावे लागले. ते निर्मनुष्य जहाज वाहत वाहत 31 जुलैला जुहूच्या वाळूत येऊन रुतले. आत शिरलेले पाणी आवाक्यात असेल आणि तोल टिकला, तर जहाज तरंगत राहते.

गैरसमज: कंटेनरचे वजन थोडे कमीजास्त लिहिले तरी चालते.
वस्तुस्थिती: जड कंटेनर खाली आणि हलका वर, ही रचना कागदावरच्या वजनावरून ठरते. जड माल वर गेला की गुरुत्वमध्य वर सरकतो आणि कललेले जहाज सावरणे अवघड होते. जानेवारी 2007 मध्ये इंग्लिश खाडीत ‘एमएससी नेपोली’च्या सांगाड्याला तडे गेले. मुख्य दोष सांगाड्याच्या मजबुतीत होता. पण तपासात डेकवरच्या सुमारे 20 टक्के कंटेनरांच्या वजनात 3 टनांहून जास्त तफावत निघाली. 1 जुलै 2016 पासून निर्यातीच्या प्रत्येक भरलेल्या कंटेनरचे वजन आधी प्रमाणित करणे जगभर बंधनकारक आहे.

ही अट जाचक वाटते, पण तिच्यावर खलाशांचे जीव अवलंबून आहेत. आपला माल पाठवताना काट्यावर भरेल तेवढेच वजन लिहा.