बाग बांधून झाल्यावर

रायगड जिल्ह्यातल्या पेण आणि रोहा-अष्टमी या दोन्ही नगरपरिषदा तशा लहानच. 2011 च्या जनगणनेत पेणची लोकसंख्या 37 हजारांवर होती, रोह्याची 20 हजारांवर. महानगरपालिकेत उद्यान अधीक्षक असतो, क्रीडा विभाग असतो. एवढ्या गावात बाग आणि मैदान ही बहुधा दुसऱ्याच कुठल्या तरी खात्याची जोडकामे असतात. 1965 च्या नगरपरिषदा अधिनियमानेही तशी सोय करूनच ठेवली आहे. दिवाबत्ती, पाणी, सफाई ही आवश्यक कर्तव्ये; बागा आणि वाचनालये ऐच्छिक. पुढे 1992 च्या 74व्या घटनादुरुस्तीने उद्याने आणि क्रीडांगणे बाराव्या अनुसूचीत आणली, तरी ऐच्छिक कामाची रीत काही बदलली नाही. उद्घाटनाला सगळे येतात, गळका नळ बदलायला कोणी येत नाही. म्हणून अशा गावात बागमैदानाचे खाते चालवायचे तर बांधकामापेक्षा राखणीचा विचार आधी हवा. ही राखण गावातली तरुण मुलेच करू शकतात, मात्र श्रमदानाला बोलावलेले पाहुणे म्हणून नव्हे, निर्णयाचे वाटेकरी म्हणून.

त्यासाठी खात्याच्या प्रमुखाला आधी गावाचे कामाचे वर्ष ठाऊक हवे. पेणमध्ये आणि जवळच्या हमरापूर, जोहे परिसरात गणेशोत्सव जवळ आला की मूर्तींच्या कारखान्यांत रात्री जागतात. साच्यातून निघालेली मूर्ती घासायची, रंगवायची आणि शेवटी डोळ्यांची आखणी. यातल्या कितीतरी हातांचे वय विशीच्या आसपास असते. ऑगस्टमध्ये ‘युवा महोत्सव’ ठेवून मुले आली नाहीत म्हणून कुरकुरणाऱ्याला पेण कळलेलेच नाही. रोह्याचे घड्याळ वेगळे. धाटावच्या औद्योगिक वसाहतीत पाळ्या चालतात, त्यामुळे रात्रपाळी करून आलेल्याला संध्याकाळी सहा ते आठ उघडणारे मैदान कितपत उपयोगाचे? शिवाय जूनपासून चार महिने कोकणातले मातीचे मैदान चिखल होते. रायगडच्या गावागावांत कबड्डी आहे, पण फक्कीने आखलेल्या रेषा पहिल्या सरीत वाहून जातात. कुंडलिकेच्या काठी संवर्धन प्रकल्पातून फिरायला देखणी जागा झाली, ते चांगलेच झाले. त्याच गावाला पावसाळ्यात सरावासाठी एक छपरी मैदान मिळाले, तर त्याचा फोटो तितका बरा येणार नाही, एवढेच.

वाटेकरी करायचे म्हणजे काय, याचा एक नमुना कायद्यातच पडून आहे. 1975 च्या झाडांच्या जतनाच्या कायद्याने प्रत्येक नागरी क्षेत्रात वृक्ष प्राधिकरण आणि ठरावीक काळाने वृक्षगणना सांगितली आहे. 2021 च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांपुढच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला. हे काम सहसा ठेकेदाराकडे जाते. पेणचे भाऊसाहेब नेने महाविद्यालय आणि रोह्याचे चिंतामणराव देशमुखांच्या नावाचे महाविद्यालय यांच्याकडे ते का जाऊ नये? राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकाने वर्षाला 120 तास काम करायचे असते, आणि त्यातले कितीतरी आजवर झाडू हातात घेऊन फोटो काढण्यात गेले असतील. त्याऐवजी छातीइतक्या उंचीवर बुंध्याला टेप लावायची, घेर लिहायचा, जात ओळखायची, जागा नकाशावर टाकायची. ज्या मुलीने स्वतः चिंचेचा घेर मोजला, ती ते झाड तोडल्यावर नगरपरिषदेत विचारायला जाईल. खात्याला तेच हवे असले पाहिजे. नको असेल तर मुलांना बोलावूच नये.

पैसा नाही, हा पहिला आक्षेप, आणि तो खोटा नाही. पण मैदानाचे वेळापत्रक, त्याची किल्ली आणि झाडांची नोंद मुलांकडे द्यायला पैसा कमी आणि अधिकार सोडायची तयारी जास्त लागते. दुसरा आक्षेप वजनदार: मुलांच्या हाती मैदान दिले की ते एखाद्या मंडळाच्या, म्हणजे त्यामागच्या पुढाऱ्याच्या ताब्यात जाते. ठरावाने जागा सर्वांची होत नाही, हे या जिल्ह्याला नव्याने सांगायला नको. महाडच्या नगरपालिकेने 1924 मध्येच चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला होता. पाण्याला प्रत्यक्ष हात लागला तो 20 मार्च 1927 ला, बाबासाहेब आंबेडकर सत्याग्रहींना घेऊन तिथे गेले तेव्हा. त्या लढ्याशी मैदानाच्या वादाची बरोबरी होऊच शकत नाही, पण कागद आणि वापर यांतले अंतर दोन्हीकडे दिसते. म्हणून किल्ली मंडळाकडे नको. ती शाळा-महाविद्यालयांतून निवडलेल्या आणि दरवर्षी बदलणाऱ्या समितीकडे हवी, निम्म्या मुली असलेल्या. गेली काही वर्षे बहुतेक नगरपरिषदांवर प्रशासक होते; अशा काळात तर ती समितीच मैदानाबद्दल बोलणारी एकमेव जागा ठरली असती. वेळापत्रक फाटकावर रंगवलेले असावे, संध्याकाळची पहिली वेळ मुलींच्या कबड्डी संघाची आणि बारा बाय आठ मीटरच्या त्यांच्या मैदानावर दिवे लागलेले. ती वेळ जे मंडळ मोडेल, त्याच्या पुढच्या क्रिकेट स्पर्धेला नगरपरिषदेने परवानगी देऊ नये.