‘त्यांच्या घराण्यातच आहे ते’

कडेगाव, वांगी, देवराष्ट्रे या पट्ट्यात सोयरीक जुळवताना जमीन, पाणी, नोकरी विचारून झाली की खालच्या आवाजात आणखी एक चौकशी होते: घराण्यात कुणाच्या डोक्यावर परिणाम झालेला नाही ना? मुलीच्या चुलत्याला कधीकाळी कानात आवाज यायचे, एवढं कळलं तरी स्थळ मोडतं. ज्या घरात पोरगा आधीच आजारी आहे, तिथे शोध उलटा चालतो. सासरचे म्हणतात, हे सुनेच्या माहेराकडून आलं. भावकी म्हणते, बापानं लहानपणी मारमारून पोरगं बिघडवलं. कुणी करणी म्हणतं आणि देवऋष्याकडे घेऊन जातं. स्किझोफ्रेनियावर उपचार सुरू होण्याआधी घरात आरोपी ठरतो, आणि या धांदलीत आजार जुना होतो.

करणीचं सोडून देऊ. पण रक्त आणि बालपण या दोन्हींत तथ्य आहे, म्हणूनच त्यांच्याबद्दलचे गैरसमज जास्त चिवट आहेत.

‘बापाला होता, म्हणजे पोराला होणारच.’ सर्वसाधारण शंभर माणसांत एकाला, काही पाहण्यांनुसार त्याहूनही कमी जणांना, आयुष्यात कधीतरी हा आजार होतो. आई किंवा वडील यांपैकी एकाला असेल, तर मुलांत हे प्रमाण शंभरात दहाच्या आसपास जातं. सख्ख्या भावंडांतही जवळपास तेवढंच. वाढ मोठी आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. पण त्या शंभरातल्या नव्वदांना हा आजार होत नाही, हेही तितकंच खरं. एकसारख्या जुळ्यांची जनुकं जवळजवळ तंतोतंत सारखी असतात. तरीही एकाला आजार झाला, तर दुसऱ्याला तो होण्याचं प्रमाण निरनिराळ्या अभ्यासांत साधारण तेहेतीस ते पन्नास टक्के निघालं आहे. जनुकांनीच सगळं ठरत असतं, तर ते शंभराजवळ असायला हवं होतं. शिवाय बहुसंख्य रुग्णांच्या आईवडिलांना हा आजार नसतो. म्हणजे सोयरिकीतली ती चौकशी धोका टाळायलाही फारशी उपयोगी नाही. अपमान करायला मात्र पुरते.

गोंधळ वाढवणारा एक आकडा सुशिक्षितांनाही चकवतो. स्किझोफ्रेनियाची आनुवंशिकता ८० टक्के, असं वाचायला मिळतं, आणि वाचणारा घाबरून समजतो की मुलाला होण्याची शक्यता ८० टक्के. तसं अजिबात नाही. उसाच्या एका फडात सगळीकडे सारखं खत, सारखं पाणी पडलं, तर उंचीतला फरक बहुतेक बियाण्यामुळे दिसेल. टेंभू सिंचन योजनेचं पाणी अर्ध्या फडालाच मिळालं, तर तोच फरक पाण्यामुळे दिसू लागेल. आनुवंशिकतेचा आकडा असाच असतो. एका समाजातल्या माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला किती वाटा जनुकांच्या फरकाशी जोडता येतो, एवढंच तो सांगतो. तुमच्या घरातल्या मुलाचं भविष्य त्यात नसतं.

‘वेडाचं’ एक जनुक असतं, हेही खरं नाही. ७६ हजारांहून अधिक रुग्णांच्या जनुकांचा अभ्यास २०२२ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. त्यात जनुकसंचातल्या २८७ जागा या आजाराशी जोडलेल्या आढळल्या. एकेका जागेचा परिणाम अगदी थोडा असतो आणि यातले बरेच बदल तुमच्या-माझ्यासारख्या निरोगी माणसांतही असतात. मोठा धोका आणणारे दुर्मीळ बदलही आहेत, पण थोड्याच रुग्णांत.

आता बालपण. इथे आयांवर फार अन्याय झाला आहे. फ्रीडा फ्रॉम-राइशमन या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी १९४८ मध्ये आईच्या वागण्यातून हा आजार उद्भवतो अशी कल्पना मांडली आणि पुढची काही दशकं डॉक्टर आयांकडे संशयानं पाहत राहिले. ती कल्पना पुराव्यावर टिकली नाही. आपल्याकडे मात्र ‘आईनं लाडावून ठेवला’ हे अजून ऐकू येतं.

पण लहानपणीच्या जखमांचा काहीच संबंध नाही, असं म्हणणं ही दुसऱ्या टोकाची चूक ठरेल. मारहाण, लैंगिक अत्याचार, सततची हेटाळणी, आबाळ, शाळेतली दादागिरी यांवरचे अनेक अभ्यास २०१२ मध्ये एकत्र तपासले गेले. असं भोगलेल्या मुलांत पुढे सायकोसिस, म्हणजे भास आणि भ्रम असलेले आजार, होण्याचा धोका सुमारे पावणेतीन पट आढळला. त्या पाहणीत आईवडिलांच्या मृत्यूचा असा ठळक संबंध मात्र दिसला नाही. पावणेतीन पट म्हटलं तरी ते मूळच्या लहान आकड्याच्या पटीत आहे. भोगलेल्या बहुतेकांना स्किझोफ्रेनिया होत नाही, आणि अनेक रुग्णांचं बालपण प्रेमात गेलेलं असतं.

दोन्ही गोष्टी एकत्र आल्या तर? याचं बोलकं उत्तर फिनलंडमधून आलं. पेक्का तिएनारी आणि सहकाऱ्यांनी स्किझोफ्रेनिया असलेल्या आयांची, पण दत्तक गेलेली मुलं वर्षानुवर्षं अभ्यासली. कलहाच्या, बिघडलेल्या घरांत वाढलेल्या अशा मुलांपैकी सुमारे ३७ टक्क्यांना या आजाराच्या कुळातले विकार झाले, तर निरोगी घरांत वाढलेल्यांपैकी जेमतेम ६ टक्क्यांना. ज्यांच्या आयांना हा आजार नव्हता, त्या दत्तक मुलांत घराच्या वातावरणानं असा फरक पडला नाही. अभ्यास लहान होता, त्यावरून अंतिम निष्कर्ष काढू नये. पण आजारी आईबापाच्या लेकरांना शांत घर द्यायला हवं, हे सांगायला तो मला पुरेसा वाटतो.

‘लग्न करा, ताळ्यावर येईल’ या सल्ल्याला कसलाही आधार नाही. त्यात आणखी एका मुलीचं आयुष्य पणाला लागतं.

काय केल्यानं फरक पडतो, याचा पुरावा आपल्या शेजारच्या जिल्ह्यातच आहे. सातारा, गोवा आणि तमिळनाडू इथे २८२ रुग्णांवर झालेली चाचणी २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आली, साताऱ्यातलं काम डॉ. हमीद दाभोलकरांच्या ‘परिवर्तन’ संस्थेशी जोडलेलं होतं. काही रुग्णांना नेहमीच्या उपचारांसोबत प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्ते घरी भेटायचे. ते डॉक्टर नव्हते. औषधं चालू आहेत का पाहायचं, घरच्यांशी बोलायचं, रुग्णाला पुन्हा कामाला लावायचं, हे त्यांचं काम. वर्षभरानं या रुग्णांची लक्षणं फक्त दवाखान्यात उपचार घेणाऱ्यांपेक्षा थोडी अधिक कमी झाली, आणि रोजच्या जगण्यातला अडथळाही कमी झाला.

घरात आधीचा रुग्ण असेल, तर वाढत्या वयाच्या भावंडांना गांजापासून दूर ठेवा. त्यानं धोका नक्की वाढतो. कॉलेजला जाणारा मुलगा अचानक खोलीत कोंडून घेऊ लागला, झोप उडाली, लोक माझ्यावरच बोलतात म्हणू लागला, तर पुढच्या अमावास्येची वाट पाहू नका. १४४१६ हा सरकारी टेली-मानसचा क्रमांक आहे. तिथे मराठीत बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत. मानसोपचारतज्ज्ञ लहानपणाबद्दल विचारतील. ते उपचाराची दिशा ठरवण्यासाठी विचारलेलं असतं, तेव्हा मारहाण, अत्याचार, जे घडलं असेल ते सांगा.