भीमेचा विसर्ग आणि गच्चीवरील टाकी

पावसाळा लागला म्हणजे दौंडच्या घराघरांत एक आंकडा कानीं पडूं लागतो : भीमेचा येथील विसर्ग आज इतके हजार क्युसेक. ऐकणारा मान डोलावतो. परंतु त्यानें उजनींत किती पाणी वाढेल, असें विचारल्यास बहुधा उत्तर मिळत नाहीं. वस्तुतः हें हौद व नळ यांचें गणित आम्ही वर्गांत नेहमी घालीत असूं. क्युसेक म्हणजे सेकंदास एक घनफूट. दिवसाचे सेकंद ८६,४००. यास्तव ११,५७४ क्युसेकचा प्रवाह अहोरात्र टिकला तर एक टीएमसी, म्हणजे शंभर कोटी घनफूट पाण्याची भर पडते.

हल्लीं हाच प्रश्न गच्चीवर येऊन पोंचला आहे. टाकीच्या झांकणास संवेदक बसवून पाण्याचा आलेख घरच्या पडद्यावर पाहण्याची सोय कित्येक कुटुंबांनीं केली आहे. पण हा संवेदक पाणी मोजीत नाहीं. तो ध्वनि सोडतो आणि प्रतिध्वनि परत येण्यास लागलेला काळ तेवढा सांगतो. हा काळ साडेतीन सहस्रांश सेकंद असेल, तर पाणी झांकणापासून ६० सेंटिमीटर खालीं आहे. हें अंतर जसेंच्या तसें आलेखांत काढल्यास टाकी रिकामी होत असतां रेषा वर चढते! म्हणून आधीं वजाबाकी, मग लीलावतींतील त्रैराशिक. रिकाम्या टाकीचें अंतर १०५ व भरलेलीचें १५ धरिलें, तर प्रमाण ९०, फल १००, इच्छा ४५; उत्तर ५० टक्के.

शून्य कोठें धरावें, हा खरा विचाराचा भाग. उजनीचा एकूण साठा सुमारें ११७ टीएमसी, पण टक्केवारी सुमारें साडेत्रेपन्न टीएमसीच्या उपयुक्त साठ्यावर काढतात. त्यामुळें उन्हाळ्यांत धरणांत पाणी असूनही आंकडा उणे येतो. टाकींतही नळाचें तोंड तळापासून थोडें वर असतें. शून्य त्या तोंडाशीं धरावें, तळाशीं नव्हे, असें आमचें स्पष्ट मत आहे. नळास न येणारें पाणी स्वयंपाकघराच्या काय कामाचें?

वैशाखांत आणखी एक घोटाळा होतो. हवा तापली कीं ध्वनीचा वेग दर अंशास सेकंदाला सुमारें ६० सेंटिमीटरांनीं वाढतो. सूत्र २० अंशांचें आणि टाकींतील हवा ४० अंशांची असेल, तर १०५ सेंटिमीटरांचें अंतर तीन-साडेतीन सेंटिमीटरांनीं कमी दिसतें. म्हणजे नळ कोरडा पडला तरी आलेख जवळजवळ ४ टक्के पाणी दाखवितो, आणि पंप लावण्याची आठवण कोणास होत नाहीं. टाकींत लहानसा तापमापक ठेवून वेग दुरुस्त करून घ्यावा.

पंपाची वीज त्याच आलेखांत दाखविणें असल्यास तिला उजवीकडे स्वतंत्र मापपट्टी द्यावी. साडेसातशें वॅटच्या रेषेपुढें ५० टक्क्यांची रेषा जमिनीस चिकटलेली दिसते. आणि नोंदवहींत मूळ काळ व तापमान हींच साठवावीं, टक्के दाखवितांना काढावे. पुढें शून्य चुकीचें धरलें असें आढळल्यास गेल्या उन्हाळ्याचा आलेख पुन्हा काढतां येतो.