सोळा तास म्हणजे किती?

मैत्रिणींनो, आता लहान गावांतली मुलंमुलीही नोकरीसाठी अमेरिकेत पोचली आहेत. लेकीचं बाळंतपण जवळ आलं की आईला बोलावणं येतं. "आई, फक्त १६ तासांचं विमान आहे," असं लेक फोनवर सांगते. आणि इकडे आई म्हणते, "मले नाही जमत बावा एवढ्या दूर!" खरं तर दोघींचंही बरोबर असतं, कारण दोघींचा हिशोब वेगवेगळा असतो.

आपल्या बाभुळगावला जवळचं स्टेशन धामणगाव. तिथून मुंबई सुमारे ७०० किलोमीटर, रात्रभराचा रेल्वेप्रवास. मुंबईहून न्यूयॉर्क सरळ मोजलं तर सुमारे १२,५०० किलोमीटर, म्हणजे जवळजवळ अठरा पट. तरी थेट विमान १६ तासांच्या आसपास पोचवतं. पण लेक मोजते ते विमानाचे तास. आईने मोजायचे ते आपल्या उंबरठ्यापासूनचे! धामणगाव, रेल्वे, मुंबईतला मुक्काम, तीन तास आधी विमानतळ, उतरल्यावर तपासणीची रांग. सगळं धरलं तर दीड-दोन दिवस सहज जातात. वाटेत विमान बदलायचं असेल तर आणखी जास्त.

येताना मात्र वेळ थोडा कमी लागतो. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. येताना ते विमानाला पुढे ढकलतात, जाताना समोरून अडवतात. कधी रस्ताही बदलतो. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपल्या विमानांना हवाई हद्द बंद केली, तेव्हा कितीतरी विमानांना वळसा घ्यावा लागला. विमान आधी उत्तरेकडे युरोपावरून का जातं, हे बघायचं असेल तर शाळेतल्या पृथ्वीच्या गोलावर मुंबई ते न्यूयॉर्क दोरा ताणून बघा. लगेच कळेल!

आता घड्याळाची गंमत. मुंबईहून रात्री २ वाजता निघालात, तर १६ तासांनी आपल्याकडे संध्याकाळचे ६ वाजलेले असतात. तिथे उन्हाळ्यात त्याच दिवशीचे सकाळचे साडेआठच! शरीर म्हणतं झोप, घड्याळ म्हणतं चहा घे. बीपी, शुगरच्या गोळ्यांचा घोळ होतो तो इथेच. म्हणून निघण्यापूर्वी गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. औषधं आणि चिठ्ठी हातातल्या पिशवीतच ठेवा. एका जागी फार वेळ बसल्याने पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते. तेव्हा पाणी पीत राहा, अधूनमधून उठून चाला, संकोच करू नका.

लोणच्याची बरणी हातात नेता येत नाही, ती मोठ्या बॅगेत ठेवा. अमेरिकेत ताजी फळं, बियाणं असं काही नेलं तर उतरल्यावर सांगावं लागतं, लपवलं तर दंड होतो. इंग्रजी येत नसेल तर तिकिटाच्या वेळीच व्हीलचेअरची मदत मागून ठेवा. त्यात कमीपणा काहीच नाही. सोबतचा माणूस रांगेतून थेट बाहेरपर्यंत आणून सोडतो. लेकीचा पत्ता आणि फोन नंबर इंग्रजीत लिहिलेला कागद पर्समध्ये असू द्या.

आणि लेकींनो, तुम्हीही आईला नुसते विमानाचे तास सांगू नका. मुंबईपर्यंत सोबत कोण येणार, विमान कुठे बदलायचं, बाहेर घ्यायला कोण उभं राहणार, हे आधी सांगा. अंतर तेवढंच राहतं, पण भीती निम्मी होते.