दांडा एक घर पुढे गेला तर?

शर्यतीच्या मोटारीला नवा गिअरदांडा बसवायचा आहे. कोणता निवडाल? दिसायला देखणा असेल तो? थांबा, आधी थोडा विचार करू.

अमेरिकेत सरळ रेषेतल्या शर्यतींत स्वयंचलित गिअरच्या मोटारीही धावतात. तीन गिअरच्या अनेक गाड्यांत दांड्याची घरे ओळीने अशी असतात : पार्किंग, रिव्हर्स, न्यूट्रल, तिसरा, दुसरा, पहिला. भर वेगात दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना दांडा एक घर जास्त सरकला, की न्यूट्रल! चाकांचा भार सुटतो आणि एंजिन क्षणात बेफाम फिरू लागते. फेरे दीडपट झाले, तर दट्ट्यांच्या जडत्वाची ओढ सव्वादोनपट होते. कारण ती फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. मग एंजिन फुटूही शकते.

म्हणून रॅचेटचा दांडा निवडतात. त्यातील दाते व खटका एका ढकलण्यात एकच घर पुढे जाऊ देतात. मात्र दांड्याची घरे गिअरपेटीशी जुळलीच पाहिजेत. शिवाय चुकून रिव्हर्समध्ये जाऊ न देणारा अडसर हवा. आणि दांडा पार्किंग किंवा न्यूट्रलमध्ये नसताना एंजिन सुरू होऊ न देणारा स्विचही हवा.

चांगले यंत्र कोणते? घाईतल्या हाताला चूक करू न देणारे!