आपलाच चेहरा, आपल्याच हाती

मॉरिशसला करारबद्ध मजूर म्हणून आलेल्या भारतीयांची जी जुनी छायाचित्रे आज उपलब्ध आहेत, त्यांपैकी पुष्कळशी हौसेने काढलेली नाहीत. १८३४ पासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारे साडेचार लाख माणसे या बेटावर उतरली. त्यांत रत्नागिरी, कुलाबा, सातारा या भागांतून मुंबई बंदरामार्गे आलेले मराठी लोकही होते. १८६७ च्या कायद्याने, कराराची मुदत पूर्ण केलेल्या मजुराला स्वतःचे छायाचित्र लावलेला पास सदैव जवळ बाळगणे भाग पडले. पास जवळ नसला तर भटक्या म्हणून अटक होण्याचे भय असे. १८७१ मध्ये आदोल्फ द प्लेव्हित्झ यांच्या साहाय्याने जो अर्ज गव्हर्नरांपुढे गेला, त्यावर ९,४०१ जुन्या मजुरांच्या सह्या होत्या. या पासांपायी सोसाव्या लागणाऱ्या जाचाचे गाऱ्हाणे त्यात होते. चेहरा मजुराचा, पण त्याचे चित्र केव्हा, कसे व कशासाठी काढावयाचे, हे ठरविणारे सरकार होते.

आज त्याच मजुरांच्या पणतवंडांच्या खिशात स्वतःचा चेहरा टिपणारा कॅमेरा आहे. क्योसेरा कंपनीने १९९९ मध्ये जपानात जो व्हीपी-२१० हा फोन विकावयास काढला, त्याच्या पुढील बाजूस केवळ १,१०,००० बिंदूंचा कॅमेरा होता आणि तो सेकंदाला दोनच चित्रे पाठवू शके. २०१० मध्ये आलेल्या आयफोन ४ चा पुढचा कॅमेराही सुमारे तीन लाख बिंदूंचाच होता. पुढे ही चाल इतकी रुळली की २०१३ मध्ये ऑक्सफर्डच्या कोशकारांनी ‘सेल्फी’ हा वर्षाचा शब्द ठरविला.

दुकानात मात्र ग्राहक अद्याप मेगापिक्सेलचा आकडा पाहूनच भुलतो. वस्तुतः व्हिडिओ कॉलमध्ये पुष्कळदा १२८० बाय ७२० बिंदूंचे, म्हणजे सुमारे नऊ लाख बिंदूंचेच चित्र पलीकडे पोहोचते. नेट मंद असेल तर त्याहूनही कमी. तेव्हा बत्तीस मेगापिक्सेलचा डौल संभाषणात फारसा कामी येत नाही. खरा फरक पडतो तो प्रकाश टिपणाऱ्या संवेदकाच्या आकाराने, भिंगाने आणि फोकसने. अनेक फोनांत पुढच्या कॅमेऱ्याचा फोकस एका ठराविक अंतरावर कायमचा बांधलेला असतो. फोन फार जवळ धरला की चेहरा पुसट होतो.

अंतराचा आणखीही एक परिणाम आहे. अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असा हिशेब मांडला आहे की, बारा इंचांवरून काढलेल्या छायाचित्रात नाक पाच फुटांवरून काढलेल्या छायाचित्रापेक्षा सुमारे तीस टक्के रुंद दिसते. दोष नाकाचा नव्हे, अंतराचा! शिवाय हा कॅमेरा पडद्यावर आरशाप्रमाणे उलटे चित्र दाखवितो. काही फोन तेच उलटे चित्र जपून ठेवतात; मग डाव्या खांद्यावरचा पदर उजव्या खांद्यावर गेलेला दिसतो आणि मंदिराच्या पाटीवरील अक्षरे वाचता येत नाहीत.

याहून गंभीर प्रश्न वर्णाचा आहे. गेल्या शतकात कोडॅक कंपनी रंग जुळविण्यासाठी छायाचित्र धुणाऱ्यांना जी नमुन्याची कार्डे देत असे, त्यांवर दीर्घकाळ गोऱ्या स्त्रीचेच चित्र असे. त्यामुळे सावळ्या व काळ्या चेहऱ्यांवर अन्याय होई. गूगलने २०२१ मध्ये पिक्सेल ६ या फोनात अशा चेहऱ्यांचा वर्ण खरा उमटावा म्हणून ‘रिअल टोन’ ही योजना आणली. परंतु अनेक फोनांतील चेहरा सुंदर करणारी सोय आजही सुरकुत्या पुसते आणि वर्ण उजळविते. उसाच्या शेतात उन्हाने रापलेल्या आज्याचा वर्ण नातवाच्या फोनाने लाजून धुऊन टाकावा, हे कोणत्याही कुटुंबास शोभणारे नाही.

यात केवळ अभिमानाचाच प्रश्न नाही. या बेटावरील कितीतरी घरांची मुले लंडनला, पॅरिसला वा ऑस्ट्रेलियात राहतात. लंडनमधील लेक म्हाताऱ्या आईला फोन करते ती कुशल विचारण्यासाठी. आई ‘बरी आहे’ म्हणतेच. परंतु चेहरा उतरला आहे काय, डोळे खोल गेले आहेत काय, हे लेक शब्दांवरून नव्हे, पाहून ओळखते. फोनाने सुरकुती आणि थकवा दोन्ही पुसले, तर ती पाहते काय? अशा वेळी सुंदर चित्र हे खोटे पत्र ठरते.

उपाय खर्चाचे नाहीत. चेहरा उजळविणारी सोय बंद करावी. फोन हातभर दूर, डोळ्यांच्या पातळीवर धरावा किंवा टेबलावर टेकवून ठेवावा. उजेड चेहऱ्यावर पडेल असे बसावे. गणेश चतुर्थीची आरती परदेशी मुलांना दाखविताना खिडकी पाठीमागे असली, तर घरची माणसे काळ्या सावल्यांसारखी दिसतात. म्हणून खिडकीकडे तोंड करून उभे राहावे. भिंग मऊ स्वच्छ फडक्याने पुसावे. बोटांच्या तेलकट ठशांनी चांगला कॅमेराही आंधळा होतो.

आणखी एक गोष्ट. मजुरांच्या पुष्कळ नोंदी व छायाचित्रे मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेली आहेत. त्या नोंदींत क्रमांकासह नाव आणि गावही लिहिलेले असते, म्हणूनच वंशजांना तेथे आपला माणूस शोधता येतो. आज घरोघरी फोनांत सहस्रावधी चित्रे साठतात, पण त्यांवर ना नाव, ना ठिकाण. फोन बिघडला की सारे लयास जाते. दर वर्षी घरातील वडीलधाऱ्यांचे एक खरे, न उजळविलेले चित्र कागदावर छापून, मागे नाव, गाव व तारीख लिहून ठेवली, तर पुढील पिढीला आपला आजा दिसेल. सरकारने जे बळजबरीने केले, ते कुटुंबांनी आता प्रेमाने करावयास हवे.